डावा कौल

त्या काळी मुंबईची आगबोट मालवणात धक्क्याला लागत नसे. खडकांच्या भीतीने ती लांब खोल पाण्यात उभी राही आणि माणसं आणायला किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होड्या, जात. बोटीच्या शिडीवरून हलत्या पडावात उतरायचं म्हणजे भल्याभल्यांची भंबेरी उडे. कुणाची वहाण पाण्यात जाई, कुणाचं बोचकं. आता ती बोटही गेली आणि ते पडावही गेले. पण ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या नाकात अजून त्या बोटीच्या कोळशाचा आणि ओल्या दोरखंडाचा वास आहे.

वैशाखातल्या एका सकाळी बाबली मोंडकर त्या शिडीवरून आपल्या पायांनी उतरला. शेवटच्या पायरीवरून त्याने पडावात उडीच मारली. पडावावर त्याला ओळखणारा शिवा होता, त्याच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं. आदल्या पावसाळ्यानंतर बोटी सुरू होताच याच बाबलीला कांबळ्यात घालून चौघांनी बोटीवर चढवलं होतं. तेव्हा त्याचं तोंड मेणासारखं झालं होतं आणि चौघांना त्याचं ओझंही वाटलं नव्हतं.

"मेल्या बाबल्या, तू परत इलंस?" शिवा ओरडला. "आमी तुझ्या बाराव्याची वाट बगी होतंव!"

"तुझ्या बाराव्याक जेवतंय आणि मगेच जातंय," बाबली म्हणाला, आणि अख्खा पडाव हसला.

एकटी सुगंधा हसली नाही. बाबलीची बायको ती. ती त्याच्या मागून उतरली, एका हातात कपड्यांचं बोचकं आणि दुसऱ्या हातात गोळ्यांचा पत्र्याचा डबा छातीशी धरलेला. डब्यात पिवळ्या जर्द गोळ्या होत्या, अख्ख्या पावसाळ्याला पुरतील एवढ्या. थोड्याच दिवसांत बोटी बंद होणार होत्या. एकदा समुद्र खवळला की नारळी पुनवेपर्यंत मुंबई नाही आणि मुंबईचं औषधही नाही.

बाबलीचं दुखणं पोटातलं. पहिल्यांदा झालं तेव्हा वाडीतल्या लोकांनी त्याला आव म्हटलं, मग हगवण म्हटलं, आणि रक्त थांबेना तेव्हा करणी म्हटलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात, तिथून रक्त जातं. का पडतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी गोळ्या दिल्या, बाबली बरा झाला, घरी आला, आणि बऱ्या माणसाने गोळ्या कशाला खायच्या म्हणून त्याने त्या बंद केल्या. पुढच्याच पावसाळ्यात दुखणं उलटलं. भर आषाढात, वहाळ दुथडी भरलेले, बोटी बंद, रस्ता बंद. दिवसातून किती वेळा उठावं लागे याला मोजमाप नव्हतं. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढताना ज्याची हाक पार खडकापलीकडे ऐकू जाई, त्या माणसाला पाणी मागायला आवाज उरला नव्हता. तो पावसाळा सुगंधाने कसा काढला हे तिचं तिलाच माहीत.

का उलटलं, याची घरात दोन उत्तरं होती. बाबलीची आई हौसाबाई हिने पहिल्याच आजारात गावदेवी सातेरीला नवस केला होता, मुलगा बरा झाला तर त्याची नारळांनी तुला करीन. तो बरा झाला आणि तुला राहून गेली. आज करू, उद्या करू, हंगाम सरला की करू. म्हणून देवीने दुखणं परत धाडलं. हे हौसाबाईचं उत्तर, आणि बाबलीचंही. सुगंधा तोंडाने काही बोलत नसे. पण गोळ्या बंद केल्यावर दुखणं आलं, एवढं तिने पाहिलं होतं.

या वेळी मुंबईहून निघायच्या आधी डॉक्टरांनी बाबलीला पुन्हा तपासलं होतं. टोकाला दिवा असलेली एक लांब नळी होती, तिच्यातून ते आतडं आतून बघत. बाबलीला त्या नळीची फार लाज वाटे. तपासून झाल्यावर तो लुंगी नीट करत बाहेर आला आणि म्हणाला, "आता एकदम बरां वाटता, डॉक्टरांनू. रापणीक जावक काय हरकत नाय."

डॉक्टर हसले. मग त्यांनी सुगंधाला बोलावलं.

"बाई, तुम्ही नीट ऐका. यांना बरं वाटतंय, वजन वाढलंय, सगळं खरं. पण आतून अजून बरं नाही. आतली कातडी लाल आहे, नळी लागली तरी रक्त येतं. असं ज्यांचं असतं, त्यांचं बहुतेक पुन्हा उलटतं."

"कधी?" सुगंधाने विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. उद्या नाही. पण या वर्षात उलटेल असं मला वाटतं. न उलटलं तर मी पेढे वाटेन. गोळ्या चालू ठेवल्या तर कदाचित टळेल. बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत. समजलं?"

सुगंधाला समजलं. ती मासळी विकणारी बाई. वरून चकचकीत दिसणारा मासा ती कधी तसाच घेत नसे, आधी कल्ला उघडून बघे. डॉक्टरांनी बाबलीचा कल्ला उघडून बघितला होता, आणि तिने त्यांच्या तोंडाकडे बघून जे ओळखायचं ते ओळखलं.

घरी आल्यावर हौसाबाईने मुलाला उंबऱ्यावर उभं केलं, त्याच्यावरून मीठ-मिरची ओवाळली, आणि पाणी द्यायच्या आधी सांगून टाकलं, "आधी तुला. मगे काय ता."

तुला झाली ती अजून वाडीतल्या म्हाताऱ्यांना आठवते. देवळासमोर आंब्याच्या फांदीला मोठं तराजू बांधलं होतं. एका पारड्यात बाबली मांडी घालून बसला आणि दुसऱ्यात हौसाबाईच्या परसातल्या माडांचे नारळ पडू लागले. पोरंसोरं ओरडत होती. बाबली पारड्यातून खाली पाय सोडून जमिनीला लावायचा आणि हौसाबाई त्याच्या पायावर काठी मारायची.

"पाय वर घे रे! देवीक फसवतंस?"

"आये, तुझे नारळ संपतले म्हणान वायच हातभार लावतंय."

पारडी समोरासमोर आली तेव्हा हौसाबाईने पदराने डोळे पुसले. आदल्या वर्षी हा मुलगा तुलेत बसला असता तर दोन कवळे नारळही जास्त झाले असते.

मग कौल लावायचा. आमच्याकडे देवीला विचारल्याशिवाय घरात खुंटी ठोकत नाहीत. गुरव पाषाणावर फुलांच्या कळ्या ओल्या करून चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. महादू गुरवाने हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "माये सातेरी, ह्या तुझ्या लेकरान तुझ्या नवसाची तुला केल्यान. तेच्या पोटातला दुखणा गेला काय? गेला आसात तर उजवो दी!"

उजवी कळी अशी टपकन पडली की पुढे बसलेल्या पोराच्या पायावर आली. होऽऽ म्हणून सगळ्यांनी गलका केला.

त्या संध्याकाळी सुगंधाने तांब्या आणि गोळी बाबलीपुढे ठेवली. त्याने गोळी बोटाने बाजूला सारली.

"आता ही कशाक?"

"डॉक्टरांनी सांगितलेली आसा."

"देवीन सांगल्यान दुखणा गेला. आता मी गोळी खाल्लंय तर तिका खोटी पाडल्यासारखा जातला. वाडयेत तोंड खंय दाखवू? नारळ घेतलंस, कौल दिलंस, आणि तरी माझो तुझ्यार इस्वास नाय, असा देवीक सांगू?"

"गेल्या वर्षीव असाच म्हणालात."

"गेल्या वर्षी नवस ऱ्हवलेलो!"

आणि ओटीवरून हौसाबाईचा आवाज आला, "सुगंधा, अपशकून बोलू नको गो! पोर आताच बरो होवन इलो हा."

सुगंधाने तांब्या उचलला. तिला देवीवर अविश्वास नव्हता. जन्मापासून ती सातेरीच्या पायाशी वाढलेली. तिला एवढंच वाटत होतं की देवीला विचारलं दुखणं गेलं का, आणि देवीने खरं ते सांगितलं. आज गेलंय. पण परत येईल का, हे कुणी विचारलंच नाही. प्रश्न चुकला तर उत्तर तरी काय करणार?

काही दिवस तिने वाट बघितली. रोज रात्री गोळी पुढे ठेवायची, रोज सकाळी ती तशीच उचलून डब्यात टाकायची. पश्चिमेला ढग जमायला लागले. रापणी वर ओढून माडांच्या झावळ्यांखाली झाकल्या गेल्या. तेव्हा तिने एका सोमवारी हौसाबाईला सांगितलं, "आये, माका कौल लावचो आसा."

"कसलो?"

"गोळयांचो. देवीकच इचारूया. ती हो म्हणाली तर हे खातले. ती नको म्हणाली तर मी परत नाव काढूचंय नाय."

हे हौसाबाईला पटलं. बाबलीलाही पटलं. देवीसमोर न्याय होतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तिघं देवळात गेली. शेजारपाजारची चार माणसंही बातमी लागून आली. महादूने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "माये, ह्या लेकराक मुंबयच्या गोळयांची गरज आसा काय? आसात तर उजवो दी, नाय तर डावो दी."

कळ्या हलेनात. देवळात पाकोळीचे पंख ऐकू येत होते. सुगंधाची नजर उजव्या कळीवर खिळली होती. ती इतकं बघत होती की ती कळी हलल्यासारखी तिला दिसलीसुद्धा. आणि डावी पडली.

"झाला!" बाबलीने मांडीवर थाप मारली. "आता तरी पटला?"

हौसाबाईने नमस्कार केला. माणसं उठायला लागली. सुगंधा उठली नाही. तिच्या डोळ्यापुढे गेला आषाढ उभा होता, रक्ताने भिजलेली फडकी आणि विहिरीवर ती धुताना सुरकुतलेली तिची बोटं. ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत सरकली. बाईमाणसाने तिथे मोठ्याने बोलायची रीत नव्हती. ती बोलली.

"माये, तू नको म्हणालंस ता मी आयकलंय. पण मी ह्येंका गोळयो देतलंय. तुझो शबद मी मोडतंय, ह्येंनी नाय. दोष माका लाव. ह्येंच्या पोटाक हात लावू नको. आजपासून मी मासळी खावचंय नाय. ह्यो माझो दंड."

महादू गुरवाच्या हातातली घंटा वाजायची राहिली.

"काय बोललंस गो तू?" हौसाबाई उठता उठता परत खाली बसली. "देवीच्या तोंडार?"

"इसारलंस काय, तू गाबतीण आसंस!" मागून कुणी तरी म्हणालं. "मासळेशिवाय रवतंस किती दिस!"

त्या थट्टेला कुणी हसलं नाही. समुद्रावर पोट भरणाऱ्या गाबिताने मासळी सोडायची म्हणजे काय, ते देशावरच्याला सांगून कळणार नाही. आमच्यात अंथरुणाला खिळलेली म्हातारीसुद्धा शेवटचं मागते ते माशाच्या कढीचं भुरकं.

घरी आल्यावर बाबली खवळला. "मी गोळी खावचंय नाय. संपला. तू मासळी खा गप."

"तुमी गोळी खाल्लास नाय तरी माझी मासळी गेलीच," सुगंधा शांतपणे म्हणाली. "शबद दिलंय. तो काय तुमका दिलंय? देवीक दिलंय."

"मगे काय फायदो?"

"तुमी खाल्लास तर फायदो. नाय खाल्लास तर फुकट."

हे असं होतं. तिने आपलं आधी देऊन टाकलं होतं, आता हिशेब त्याच्या गळ्यात होता. बाबलीने दोन दिवस तोंड फिरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पावसाआधीचे शेवटचे बांगडे आले. सुगंधाने तिरफळं घालून त्यांचं तिखलं, तिखट कालवण, केलं, असं की वास वाटेवर गेला. तिने नवऱ्याला वाढलं, सासूला वाढलं, आणि स्वतः पेजेची वाटी आणि आंब्याची फोड घेऊन बसली. बाबलीने बांगड्याचा एक तुकडा मोडला. तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. दुसऱ्यांदा उचलला. तिच्या वाटीतली पेज तशीच दिसत होती. पांढरी, निवलेली.

"हाड ती तुझी गोळी!" त्याने एकदम ओरडून हात पुढे केला. "हाड! घोवाक जेवूक सुदा देवची नाय ही बाय!"

त्याने गोळी गिळली, वर तांब्याभर पाणी प्याला, आणि डॉक्टरांना, नळीला आणि गोळी करणाऱ्याला शिव्या दिल्या. सुगंधाने मान खाली घालून पेज संपवली. हौसाबाई ताटावरून उठून गेली. त्या दिवसापासून सासू सुनेशी कामापुरतं बोलू लागली.

पाऊस आला. वहाळ भरले, वाडी तुटली. आषाढात एका सकाळी बाबलीच्या पोटात कळ आली आणि तो परसाकडे दोनदा गेला. सुगंधा हातातलं काम टाकून दारात उभी राहिली. हौसाबाईही दुसऱ्या दारात. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, दोघी एकाच वाटेकडे बघत होत्या. तो आला, भिजलेला, आणि दोघींना पाहून चिडला.

"काय बगतास? फणस खाल्लंय काल, दुसरा काय नाय!"

खरंच दुसरं काही नव्हतं. पण त्या दिवशी हौसाबाईने स्वतः उठून गोळीचा डबा उघडला आणि गोळी मुलाच्या हातात ठेवली.

श्रावण गेला. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला, आणि मग रापणी निघाल्या. ते दिवस ज्याने पाहिले तो आता किनाऱ्यावर गेला की त्याला सगळं मुकं वाटतं. अर्ध्या वाडीने एक दोर धरायचा, अर्ध्या वाडीने दुसरा, आणि मधे समुद्र आपला आपणच किनाऱ्याकडे सरकत यायचा. पहिल्या दिवशी दोराच्या टोकाला बाबली उभा राहिला. कमरेला दोर बांधून तो मागे रेलला आणि त्याने हाक दिली. लांब खडकावर बसलेले बगळे उडाले. सुगंधा टोपली घेऊन वाळूत उभी होती. तिने पदराचं टोक दाताखाली धरलं.

जाळं वर आलं तेव्हा वाळूवर चांदी उलटी केल्यासारखे बांगडे तडफडत होते. कुणी तिथेच तीन दगड मांडून भाजायला घेतले. लोक फुंकर घालून घालून खात होते. सुगंधा वाटा भरून घेत होती, मासे निवडत होती, तिचे हात कोपरापर्यंत माशांत होते. हौसाबाई एका होडीच्या सावलीत बसून सुनेकडे बघत होती. सुनेची गालफडं वर आली होती. पेज आणि लोणच्यावर पावसाळा काढला होता तिने, आणि एकदाही तक्रार केली नव्हती. मुलाच्या दंडाच्या बेटकुळ्या मात्र उन्हात चमकत होत्या. हौसाबाई उठली, चांगलेसे दोन बांगडे ओच्यात घेतले आणि कुणाला काही न सांगता चालू लागली.

दुपारी बाबली आणि सुगंधा घरी आली तेव्हा चूल पेटलेली होती. हौसाबाईने पाट मांडले होते. एक नाही, दोन. तिने बाबलीला वाढलं, मग दुसऱ्या पाटासमोर ताट ठेवलं. भात, आणि त्यावर तांबडंलाल तिखलं, अख्खा बांगडा घालून.

"बस," ती सुनेला म्हणाली.

"आये, ह्या काय?"

"बांगडो. वळखूक येना? मासळी इकतंस ना तू?"

"माका दंड आसा."

"दंड उठलो. देवळात जावन इलंय. देवीक इचारलंय, माझे सुनेचो दंड पुरो झालो काय. कौल दिल्यान तिना."

सुगंधा उभीच होती. "आणि ह्येंच्यो गोळयो?"

"त्यो खातलो. थांबल्यान तर मी तेच्या टाळक्यात घालतलंय. ता देवीक आधीच सांगितलंय."

बाबलीने घास हातात धरून आईकडे पाहिलं. "पण आये, महादू तर काल सांजेकच पिंगुळीक गेलो, भैणीकडे. देवळात कौल लावल्यान कोणी?"

हौसाबाईने पळीभर कढी सुनेच्या भातावर ओतली.

"मीच लावलंय. देवी काय महादूचीच आसा? चाळीस वर्सां तिच्या दारात झाडू मारतंय, माका सांगूची नाय ती?"

"आणि उजवो पडलो?"

"जेव गप. बायलेसारखो तोंड चालवता नुसतो." ती सुगंधाकडे वळली. "तू बस गो. निवता ता."

सुगंधा पाटावर बसली. तिने भाताची कड मोडली, तिखल्यात बुडवली, आणि बांगड्याच्या पाठीचा मऊ तुकडा काट्यावरून सोडवून घास केला. तिरफळाचा झणका जिभेवरून टाळूला गेला. तिच्या डोळ्यात पाणी आलं, ते तिखटाचं की कशाचं, कुणी विचारलं नाही. हौसाबाई समोर भिंतीला टेकून बसली, आणि सून जेवून ताट धुवायला उठेपर्यंत तिथून हलली नाही.